बोलेरोत सबवूफरचा बॉक्स घरीच बनवला पन नुसतं घुमते, कुठं चुकलं?

दिग्रसकर_बोलेरो

राम राम मंडळी. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरची बोलेरो हाय, हंगामात कापूस वेचाच्या बायका शेतावर नेऊन सोडतो, बाजाराच्या दिवशी सवारी मारतो, आन् रोजच्या त्या रस्त्यावर गाण्याशिवाय मन लागत नाई. दोन महिन्याआधी १२ इंची सबवूफर घेतला. डब्यावर मोठ्या अक्षरात २००० वॅट लिहेल हाय पन आतल्या कागदावर आरएमएस ३०० वॅट, ४ ओम, सिंगल कॉइल असं हाय. अ‍ॅम्प वळखीच्या पोराकडून जुना घेतला, त्याच्यावर ४ ओमले २५० वॅट आन् क्लास एबी असं लिहेल हाय.

तयार बॉक्सचे पैसे लय सांगत होते म्हनून मी घरीच बनवला. ओट्याखालच्या कपाटाचा १२ एमएमचा प्लाय उरेल होता, त्याचे तुकडे करून खिळे ठोकले, बाहेरून ६० लांब, ४५ उंच, ४० खोल सेंटीमीटर. समोरून सबवूफर बसवला आन् बाजूले १० सेंटीमीटरचं भोक पाडलं, काहून का मी जेवढे बॉक्स पाह्यले सगळ्याइले भोक होतं.

आता प्रॉब्लेम असा हाय का कोनतंही गाणं लावा, आवाज एकच येते, घूंऽऽ घूंऽऽ. ढोलकी असो का ढोल असो, सगळ्याचा एकच सूर. आमचे बाबा सकाळी सोबत असले का तुकडोजी महाराजाचे भजनं लाव म्हनते, आन् त्याच्यात खंजिरीचा ठेकाच ऐकू येत नाई, त्या घुमण्याखाली दबून जाते. बाबा काल म्हणाले का जुन्या दोन स्पीकरवर भजन चांगलं लागत होतं, हे कायले बसवलं. मले लय वाईट वाटलं, काहून का मी हे त्याइच्यासाठीच बसवलं होतं.

दुसरं, खोल बेसचं गाणं आलं का सबवूफरचा पडदा बाहेर येऊन फडफड करते आन् टक टक असा आवाज येते. तिसरं, रात्री बेसच्या ठोक्यावर हेडलाइट मंद होऊन राहिले. वायर ४ एमएमची टाकली हाय, हात लावला तं गरम लागते.

कागदावरचे आकडे देऊन राहिलो: एफएस २९, क्यूटीएस ०.५०, क्यूईएस ०.५५, वीएएस ७५ लिटर. मले याच्यातलं काही समजत नाई. भोक मोठं करू का बुजवून टाकू? आमचे सुतारदादा म्हनते का वाड्याच्या जुन्या सागवानी फळ्या पडल्या हायेत, त्याचा नवा बनवून देतो, आवाज भरीव येईन. त्याइचं बरोबर हाय का? जाणकारांनी सांगजा.

वरूडचा_साऊंडवाला

भाऊ, कागद फेकला नाहीस हे फार चांगलं केलं, निम्मं काम तिथंच झालं. मी पंचवीस वर्षं मंडप-साऊंडच्या धंद्यात आहे, आमच्याकडं येणारे दहातले आठ जण स्पीकर घेऊन येतात आणि कागद दुकानातच सोडून येतात.

तुझ्या पेटीत काय होऊन राहिलं ते समजून घे. रिकाम्या शिशीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो ना? शिशी मोठी तर सूर खालचा, मान आखूड तर सूर वरचा. भोक पाडलेली पेटी म्हणजे तीच शिशी. आतली हवा स्प्रिंगसारखी आणि भोकातली हवा त्या स्प्रिंगवर टांगलेल्या वजनासारखी. पोर्टच्या पेटीत भोकामागं पाइप लावतात तो हे वजन वाढवायला, म्हणजे सूर खाली यावा. तुझ्या पेटीत पाइपच नाही, १२ एमएमची प्लायची कड एवढीच काय ती मान.

मी हिशोब केला. आतलं माप ५७.६ गुणिले ४२.६ गुणिले ३७.६, म्हणजे ९२ लिटर, सबवूफर स्वतः दोन-अडीच लिटर खातो, राहिले ९०. पाइपचं सूत्र असं आहे: व्यास सेंटीमीटरमध्ये घे, त्याचा वर्ग कर, २३५६२.५ नं गुण, मग पेटीच्या लिटरनं भाग आणि फ्रिक्वेन्सीच्या वर्गानंही भाग, जे येईल त्यातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा कर, ही झाली पाइपची लांबी. हेच उलटं चालवलं तर तुझी पेटी ५५ हर्ट्झच्या आसपास वाजते. म्हणून ढोलकी वाजो नाहीतर ढोल, पेटी आपला ५५ चाच सूर मोठा करून देते. आणि या सुराच्या, म्हणजे पेटीच्या ट्यूनिंगच्या, खाली गेलं की पडद्यामागं हवेचा आधारच राहत नाही, पडदा मोकळा सुटतो, ती तुझी फडफड. टक टक होते ती कॉइल शेवटच्या टोकाला आदळायची खूण आहे, आज रात्रीच आवाज कमी कर नाहीतर सबवूफर जाईल.

खात्री करायची असेल तर शेतात ४ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा पडलेला असेलच. आतला व्यास मोजून १० सेंटीमीटरच्या जवळपास असला तर १८ सेंटीमीटर कापून त्या भोकाला आतून नीट सील करून बसव. ट्यूनिंग ५५ वरून ३२ वर येईल आणि घुमणं लगेच बदललेलं ऐकू येईल. पण हा नुसता प्रयोग, कायमचा इलाज नाही. १२ इंचीला १० सेंटीमीटरचा पाइप अरुंद पडतो, जोरात वाजवलं की हवा फस्स फस्स करते.

कायमचं सांगायचं तर तुझा सबवूफर बंद पेटीचा आहे. एफएस म्हणजे सबवूफर मोकळा असताना ज्या सुरावर आपोआप डोलतो तो हर्ट्झचा आकडा, क्यूईएस म्हणजे ते डोलणं कॉइल-चुंबक किती आवरतात त्याचा आकडा. एफएसला क्यूईएसनं भाग, २९ भागिले ०.५५, आले ५३. हा आकडा ५० च्या आसपास किंवा खाली असला तर बंद पेटी, १०० कडं गेला तर पोर्टची, असा आमच्यातला ढोबळ नियम आहे. हे सगळे आकडे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील (१९६१) आणि सिडनी विद्यापीठात काम केलेल्या रिचर्ड स्मॉल (१९७२-७३) यांच्या कामातून आले, म्हणून त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. त्याआधी पेटी बरीचशी अंदाजानंच बनत होती.

बंद पेटीचं गणित सोपं आहे. वीएएस म्हणजे किती लिटर हवा सबवूफरच्या पडद्याएवढी लवचिक असते तो आकडा, क्यूटीएस म्हणजे डोलणं सगळं मिळून किती आवरलं जातं तो. वीएएसला पेटीच्या लिटरनं भाग, १ मिळव, वर्गमूळ काढ, क्यूटीएसनं गुण, की पेटीत बसल्यावरचा क्यू मिळतो. ४० लिटर धरले तर ७५ भागिले ४० म्हणजे १.८७५, अधिक १, वर्गमूळ १.७०, गुणिले ०.५०, आले ०.८५. एकदम सपाट आवाजासाठी ०.७०७ लागतं, त्याला ७५ लिटरची पेटी लागेल, गाडीत तेवढी जागा कुठून आणायची? ०.८५ ला आवाजात थोडा भरीवपणा येतो, घुमत नाही. पेटीत बसल्यावर सबवूफरची रेझोनन्स, म्हणजे आपोआप डोलायचा सूर, २९ वरून ४९ वर जाईल. घाबरू नको, इथं गाडीच मदत करते. बोलेरोची आतली लांबी पावणेतीन मीटर धरली तर ६२ हर्ट्झच्या खाली केबिनमधली हवा सगळी एकदम दाबली जायला लागते आणि बेस आपोआप वाढतो. बंद पेटीचा आवाज खाली जाताना जसा उतरतो, तशीच केबिन त्याला उचलून धरते. काच उघडी असली की हा फायदा कमी होतो, तेवढं ध्यानात ठेव.

आकाराचं टेन्शन घेऊ नको. लोक सांगतात अमुक प्रमाणातच लांबी-रुंदी पाहिजे, पण ८० हर्ट्झची एक लाट सव्वाचार मीटर लांब असते, फूटभराच्या पेटीचा चौकोन तिला जाणवतच नाही. लिटर बरोबर पाहिजेत आणि हवा निसटली नाही पाहिजे, बस.

अचलपूरचा_रंधा

वरूडच्या भाऊनं आवाजाचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो, तीन पिढ्या सुतारकी हाय घरात.

तुमच्या सुतारदादाचा मान ठेवून सांगतो, सागवानाची पेटी नका बनवू. सागवान वाईट नाही, त्याच्यासारखं लाकूड नाही, आपल्या वाड्याइची दारं शंभर वर्षं उन्हापावसात उभी हायेत. पन कोनतीही अखंड फळी रेषेच्या आडव्या अंगानं पावसाळ्यात फुगते आन् उन्हाळ्यात आकसते. दारात त्याच्यासाठी आपन सांध्याला जागा सोडतो. या पेटीत जागा सोडता येत नाही, सगळं घट्ट चिकटवावं लागते, मग मे महिन्यात बंद गाडी तापली का सांधा उघडन नाहीतर फळी तडकन, आन् तिथून हवा निसटन. प्लायमध्ये थर एकमेकाले आडवे असतात म्हनून तो हलत नाही. त्या फळ्या जपा, त्याचा देव्हारा करा, झोपाळा करा.

प्लाय १८ एमएमचा घ्या. १२ एमएम या कामाले पातळ, बेसवर भिंतीच थरथरतात आन् तुमच्या घुमण्यात त्याचाही वाटा हाय. एमआर म्हनतात तो साधा प्लाय घरात चालते, गाडीत बीडब्ल्यूआर घ्या, पावसात कोनी ओली छत्री टेकवली तरी थर सुटत नाही. एमडीएफ आवाजाले चांगला, कापाले गुळगुळीत, पन वजनाले जड आन् पानी लागलं का पुरीसारखा फुगते, आन् एकदा फुगला का खाली बसत नाही. आपल्याकडल्या रस्त्याले आन् पावसाले प्लायच बरा.

४० लिटरसाठी माप देतो, बाहेरून ५० लांब, ३८ उंच, ३१ खोल. तुकडे असे कापा, पुढचा-मागचा ५० बाय ३८ चे दोन, वरचा-खालचा ५० बाय २७.४ चे दोन, बाजूचे ३४.४ बाय २७.४ चे दोन. आत ४३.७ लिटर होते, सबवूफर आन् आतल्या पट्ट्या वजा करून ४० राहते. ८ बाय ४ च्या अर्ध्या शीटमध्ये सगळं निघते आन् समोरच्या फळीवर दुसरी फळी लावाले पन उरते. ती दुसरी फळी बाहेरून लावा म्हंजे आतले लिटर तेवढेच राहतात. सबवूफरचं वजन त्याच फळीवर येते, म्हनून तिथं ३६ एमएम पाहिजेच. कापाचं काम जमलं तं प्लायच्या दुकानातल्या मशीनवर करून घ्या, हातकरवतीनं दोन एमएमचा फरक पडते आन् तीच फट होते.

खिळे बिलकुल नको. आपल्या रस्त्याच्या हादऱ्यानं खिळा सहा महिन्यात ढिला होते. आधी बारीक ड्रिल मारा नाहीतर प्लायची कड फाटन, मग दोन्ही अंगाले फेविकॉल लावून दर १० सेंटीमीटरवर ४० एमएमचा स्क्रू. गुण्या लावून काटकोन पाहा, शिकंजे नसतील तं दोरीनं आवळून वरून दगड ठेवा, एक रात्र हात लावू नका. सुकल्यावर आतल्या प्रत्येक कोपऱ्यात फेविकॉलमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून बोटानं भरा. वरून सिलिकॉन मारत असाल तं पूर्ण सुकेपर्यंत सबवूफर बसवू नका, सुकताना त्याची आंबट वाफ निघते, ती बंद पेटीत धातूच्या भागाले चांगली नाही. एक-दोन दिवस पेटी उघडी ठेवा.

गोल आखाले विकतचा कंपास पाहिजे असं काही नाही. मधात खिळा, एक पातळ पट्टी, तिच्यात पेन्सिलीसाठी भोक, झाला कंपास. भोकाचं माप कागदावरून घ्या, १२ इंची सबवूफरचं भोक १२ इंचाचं नसते, २८ सेंटीमीटरच्या जवळपास असते, हे न पाहता कापून बसलेले लोक मी पाह्यले हायेत.

आयटीआय_वर्धा

दिग्रसकर भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी बॅटरीची वायर काढून ठेवा. तुम्ही फ्यूजबद्दल काहीच लिहिलं नाही म्हणजे बहुतेक लावलेलाच नाही. गाडीच्या बॅटरीत शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर करंट जातो, पत्र्याच्या भोकातून नेलेली वायर खड्ड्यांच्या हादऱ्यानं घासत राहते, एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं आणि वायर पेटते. तुमच्या गाडीत रोज बायका बसतात. बॅटरीच्या टर्मिनलपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज पाहिजे, आणि पत्र्यातून जिथं वायर जाते तिथं रबरी बुश पाहिजे. फ्यूज नसेल तर सिस्टीम वापरू नका.

हेडलाइट मंद का होतात ते पहा. क्लास एबी अ‍ॅम्प जेवढी वीज घेतो त्यातली निम्म्याच्या थोडी वर आवाजाला देतो, बाकी उष्णता. २५० वॅटला आत साडेचारशे वॅट लागतात, १३.८ व्होल्टला भागा, ३३ अँपिअर. साडेचार मीटर लांब ४ एमएम वायरीत पाऊण व्होल्टच्या जवळपास तिथंच गळून जातो, ती गरमी तुमच्या हाताला लागते. १० स्क्वेअर एमएमची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर टाका, ती कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, गळती पाव व्होल्टवर येईल. फ्यूज ४० अँपिअरचा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, दिसायला जाड असते, ती घेऊ नका, चाकूनं एक तार खरवडून पहा, आत पांढरी निघाली की परत करा. शक्य असेल तर पुढं कधी क्लास डी अ‍ॅम्प घ्या, तेवढ्याच आवाजाला २३ अँपिअरमध्ये काम होतं.

अर्थची वायर तेवढ्याच जाडीची आणि अर्ध्या मीटरपेक्षा लहान, पत्र्यावरचा रंग घासून चकचकीत धातूवर नटबोल्टनं आवळायची. सीटच्या बोल्टला गुंडाळून सोडू नका. आरसीएची वायर, म्हणजे स्टिरिओकडून अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी, एका बाजूनं आणि बॅटरीची दुसऱ्या बाजूनं न्या, नाहीतर इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

आता गेन. हा अ‍ॅम्पवरचा खटका स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायला असतो, व्हॉल्यूमचा नाही, पण बहुतेक जण तो पूर्ण उजवीकडं फिरवून ठेवतात आणि सबवूफर जळाला की कंपनीला दोष देतात. सबवूफरची वायर अ‍ॅम्पपासून काढा, बेस बूस्ट शून्यावर ठेवा, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा टोन लावा, स्टिरिओचा आवाज पाऊणवर न्या आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा. वॅट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ, म्हणजे २५० गुणिले ४, हजार, वर्गमूळ ३१.६. मीटर ३१ दाखवेपर्यंत गेन वाढवा आणि तिथंच सोडा. लो-पास फिल्टर, जो वरचे सूर सबवूफरकडं जाऊ देत नाही, तो ८० हर्ट्झवर. मग सबवूफर जोडा, एकदा प्लस-मायनस उलटं करून ऐका, ज्यात बेस पुढच्या स्पीकरसोबत भरीव लागतो ते ठेवा.

अ‍ॅम्प पेटीवर स्क्रूनं मारू नका, हादऱ्यानं त्याचे टाके सुटतात. आणि पेटी गाडीला बांधा. पेटी दहा किलोची आणि वर सबवूफर, जोरात ब्रेक लागला तर ती मागून पुढं येते. लोखंडी एल-अँगल, चार नटबोल्ट, खाली रबर.

दिग्रसकर_बोलेरो

मंडळी, डोळ्यात पानी आलं वाचून, एवढं बसून हिशोब करून देल्लं. वायर काढून ठेवली, फ्यूज खरंच नव्हता. पाइपचा प्रयोग पन केला, स्प्रिंकलरच्या लाइनचा तुकडा १८ सेंटीमीटर कापून बसवला, आवाज एकदम खाली गेला, घूं घूं अर्धं कमी झालं. म्हंजे गणित खरं होते! सुतारदादाले अचलपूरच्या भाऊचं वाचून दाखवलं, ते म्हनले बरोबर हाय.

आता एक विचारतो. बंद पेटीत कापूस भरतात असं एकानं सांगितलं. आमच्या घरात तं कापूसच कापूस, जुन्या गाद्याइची रुई पन हाय. भरू का? आन् त्याचा फायदा काय?

वरूडचा_साऊंडवाला

चांगला प्रश्न आहे. हवा दाबली की थोडी तापते आणि तापली की आणखी ताठ होते. आत तंतू भरले की ती उष्णता तंतू ओढून घेतात, हवा मऊ वागते आणि सबवूफरला पेटी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. कागदावर जास्तीत जास्त ४० टक्के, प्रत्यक्षात १५ ते २५ टक्क्यांच्या आसपास मिळतं. म्हणजे तुझी ४० लिटरची पेटी ४६ ते ५० ची झाल्यासारखी वागेल.

तंतू म्हणून कापूस चालतो, पण गाडीत नको. कापूस ओल धरतो, खड्ड्यांच्या हादऱ्यानं खाली बसून गोळा होतो, उंदराला त्याच्यासारखं बिऱ्हाड नाही, आणि ठिणगी लागली तर कसा पेटतो हे जिनिंगवाल्या माणसाला सांगायला नको. उशीत भरतात ते पॉलिएस्टरचं रेक्रॉन घे, ४०० ते ५०० ग्रॅम पुरे. हातानं पिंजून मोकळं कर, कोंबू नको, आणि सबवूफरच्या मागच्या जाळीजवळ चार बोटं जागा सोडून पातळ कापड लाव म्हणजे तंतू चुंबकात ओढले जाणार नाहीत.

पेटी बंद झाली की हवा निसटते का ते पाहायची पद्धत सांगतो. अगदी हलक्या आवाजात ३० हर्ट्झचा टोन लाव आणि पेटवलेली उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून, सबवूफरच्या कडेवरून आणि वायरच्या टर्मिनलवरून हळूहळू फिरव. धूर जिथं थरथरतो तिथं फट. देव्हाऱ्यातली उदबत्ती, याच्याहून स्वस्त यंत्र नाही.

ट्रॅक्टर_वणी

मी पन सोबत विचारतो, ट्रॅक्टरच्या हुडाखाली असाच ४० लिटरचा बंद बॉक्स लावला तं चालन का? माझ्याजवळ पन १२ इंचीच हाय.

वरूडचा_साऊंडवाला

वणीकर भाऊ, तोच बॉक्स तिथं फिका लागेल. बोलेरोची बंद केबिन बेस उचलून धरते, ट्रॅक्टरला केबिनच नाही, आवाज चारी दिशांनी रानात जातो. उघड्यावर पोर्टची पेटी लागते, आणि ती तुमच्या सबवूफरच्या कागदावरून. नमुना म्हणून, ५० लिटर आणि ३५ हर्ट्झ धरले तर १० सेंटीमीटर व्यासाचा पाइप ३१ सेंटीमीटर लांब येतो. इथं बरेच जण फसतात, पेटीची खोली ३२ असते, पाइपचं आतलं तोंड मागच्या फळीला टेकायला येतं आणि हिशोब बिघडतो. आतल्या तोंडासमोर निदान पाइपच्या व्यासाएवढी मोकळी जागा पाहिजे, नाहीतर पाइप लांबीच्या बाजूनं घ्या किंवा एल्बो लावून वळवा. अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर कापणारा, असेल तर ३० च्या आसपास ठेवा, तो नसलेला अ‍ॅम्प पोर्टच्या पेटीला लावू नका. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी मारा, कुंभारीण माशी चार दिवसात आत मातीचं घर करते, माझ्या स्वतःच्या दोन पेट्यांत केलं होतं.

उन्हाचं विचारतात लोक, म्हणून सांगतो, ४५ अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ वरून ३५८ मीटरपर्यंत जातो, त्यानं ३५ चं ट्यूनिंग साडेछत्तीस होतं, एवढ्याची काळजी नको. काळजी अ‍ॅम्पची, हुडाखाली इंजिनची धग असते, तिथं तो तासाभरात बंद पडेल.

आणि एक मनापासून. ट्रॉली मागं असताना मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, इंजिनच्या आवाजावर चढेल एवढा बेस लावला तर ते शक्य नाही. गावात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनी नियमांत बंदी आहे, दवाखाना आणि शाळेभोवतीचा १०० मीटरचा भाग सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल तर तिथं दिवसाही शांतता पाळावी लागते. आम्ही धंदेवाले हे पाळतो, तुम्हीही पाळा.

दिग्रसकर_बोलेरो

तीन आठवड्यांनी सांगून राहिलो. पेटी झाली. १८ एमएमचा बीडब्ल्यूआर प्लाय, अर्धी शीट, अचलपूरच्या भाऊचीच मापं. सुतारदादानं सांधे इतके घट्ट बसवले का स्क्रू माराच्या आधीच पेटी उभी राहत होती. उदबत्ती फिरवली तं सांध्यातून कुठंच धूर हलला नाई, पन मागच्या वायरच्या टर्मिनलजवळ हलला, तिथं आतून एम-सील लावली, दुसऱ्या दिवशी पाह्यलं, बंद. रेक्रॉन साडेचारशे ग्रॅम भरलं. १० एमएमची वायर, ४० चा फ्यूज, अर्थ रंग घासून. गेन मल्टिमीटरनं ३१ वर ठेवला, आधी मी कुठं ठेवला होता ते पाह्यलं तं ४१ येत होते! हेडलाइट आता मंद होत नाई.

मागची डावी सीट दुमडून तिथं पेटी अँगलनं आवळली. पयल्यांदा लावलं तेव्हा मले वाटलं बेस कमी झाला, काहून का घुमण्याची सवय झाली होती. मग दहा मिनिटं ऐकत राह्यलो आन् समजलं का ढोलकीचा धुम वेगळा, ढोलाचा वेगळा, आन् ठोका पडला का तिथंच थांबते, मांगं रेंगाळत नाई. काल पहाटे बाबाले घेऊन तुकडोजी महाराजाच्या मोझरीले गेलो, रस्ताभर भजनं लावली. कारंज्याच्या पुढं गेल्यावर बाबानं काचा वर कराले सांगितल्या आन् म्हनले, खंजिरी आली पाहा. मग कोनीच बोललो नाई लय वेळ.

आता एकच राह्यलं, बेसवर मागच्या दाराची नंबर प्लेट खडखड वाजते. त्याले काय कराचं?

अचलपूरचा_रंधा

सायकलची जुनी ट्यूब असन घरात. तिच्या दोन इंची पट्ट्या कापा, प्लेटच्या मागं वर एक, खाली एक, आन् स्क्रूच्या डोक्याखाली पन ट्यूबचाच गोल तुकडा. दार उघडून आतल्या पॅनलवर हात दाबून पाहा, तिथूनही आवाज येत असन तं त्याच्या कडेले तीच पट्टी. सुतारदादाले माझा रामराम सांगजा.